दोन पट्ट्यांची साक्ष : कार्बोनेट खनिजांच्या निकट अवरक्त वर्णपटाविषयी

रानात हिंडणाऱ्या भूशास्त्रज्ञाच्या पिशवीत हातोडी, भिंग आणि होकायंत्र यांच्या जोडीला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक छोटी बाटली असते. संशय आलेल्या दगडावर एक थेंब सोडायचा. लगेच फसफसून बुडबुडे आले, तर कॅल्साइट. नुसत्या दगडावर फारसे काही झाले नाही, पण चाकूने खरवडून काढलेल्या भुकटीवर मंद फसफस दिसली, तर बहुधा डोलोमाइट. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा स्वस्त आहे, क्षणात होते आणि सहसा फसवत नाही. मग महागडा वर्णपटमापक घेऊन चुनखडकाकडे जायचे कारण काय, असे विद्यार्थी विचारतात, आणि ते योग्यच विचारतात.

पहिले कारण उघड आहे. थेंबासाठी दगड हाताशी असावा लागतो. मंगळावरच्या एखाद्या विवराचा काठ, विमानाखालून सरकणारी डोंगररांग, किंवा खाणीच्या गोदामात पेट्यांमागून पेट्या भरून ठेवलेला कित्येक किलोमीटर लांबीचा कोअर, यांवर वितावितावर थेंब सोडत बसणे शक्य नसते. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. थेंब एकच प्रश्न विचारतो आणि एकच उत्तर आणतो. कॅल्शियमची किती जागा मॅग्नेशियमने घेतली आहे, लोह शिरले आहे का, सोबतीला चिकणमातीची खनिजे आहेत का, पाणी स्फटिकाच्या घडणीतच आहे की वरवरच्या ओलीचे आहे, यांपैकी काहीही त्याला विचारता येत नाही. निकट अवरक्त प्रकाश हे सारे नमुन्याला धक्का न लावता सांगू शकतो. मात्र तो जे सांगतो ते नीट वाचणे सोपे नाही. हे पुस्तक त्या वाचनासाठी लिहिले आहे.

कार्बोनेट गटातल्या प्रत्येक खनिजात एक लहानसा सपाट त्रिकोण असतो. मधोमध कार्बनचा अणू आणि तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे तीन अणू. भोवतालचा धातू कॅल्शियम असो, मॅग्नेशियम असो, लोह असो की सोडियम, हा त्रिकोण बदलत नाही, आणि तो सतत थरथरत असतो. त्याच्या थरथरण्याच्या तऱ्हा चार. तिन्ही ऑक्सिजन एकदमच बाहेर आणि आत होतात, ती पहिली. कार्बन त्रिकोणाच्या पातळीच्या वर-खाली होतो, ती दुसरी. एक बंध ताणला जाताना दुसरा आखडतो, ती तिसरी. त्रिकोणाचे कोन पातळी न सोडता मिटतात-उघडतात, ती चौथी. एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात या मापाने, म्हणजे तरंगसंख्येने मोजले तर कॅल्साइटमध्ये पहिली तऱ्हा सुमारे १०८५, दुसरी ८७५, तिसरी १४२० आणि चौथी ७१२ या ठिकाणी येते. तरंगलांबीच्या भाषेत ही सगळी कंपने साधारण ७ ते १४ मायक्रॉनच्या दरम्यान पडतात. तो मध्यम अवरक्ताचा प्रदेश आहे.

निकट अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या अगदी पलीकडून, ०.७ मायक्रॉनपासून २.५ मायक्रॉनच्या आसपासपर्यंतचा पट्टा. या पट्ट्यात कार्बोनेटचे एकही मूळ कंपन नाही. तरीही या पट्ट्यातच कार्बोनेट ओळखता येते, हे या विषयातले पहिले आश्चर्य. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की षड्जाच्या पोटातून गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. एकाच तारेच्या कंपनात मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वरही नांदत असतात. कार्बोनेटच्या त्रिकोणालाही असे अधिस्वर आहेत. रेणूंच्या बाबतीत ते उमटण्याचे कारण असे, की बंधाची ओढ ताणाच्या अगदी सरळ प्रमाणात वाढत नाही. या किंचित वाकडेपणामुळे मूळ कंपनाच्या दुपटी-तिपटीला, आणि वेगवेगळ्या तऱ्हांच्या बेरजांनाही, थोडा थोडा प्रकाश शोषून घेता येतो.

हा हिशेब वाचकाने स्वतः एकदा करून पाहावा. दहा हजाराला तरंगसंख्येने भागले की मायक्रॉनमधली तरंगलांबी मिळते. तिसऱ्या तऱ्हेची तिप्पट ४२६०, भागाकार २.३५. पहिली अधिक तिसरीची दुप्पट ३९२५, भागाकार २.५५. पहिलीची दुप्पट अधिक तिसरीची दुप्पट ५०१०; भागाकार २.००. पहिली, तिसरीची दुप्पट आणि चौथी यांची बेरीज ४६३७, भागाकार २.१६. आता कॅल्साइटच्या भुकटीवरून परतलेल्या प्रकाशाचा आलेख पाहिला तर २.३४ आणि २.५४ मायक्रॉनला दोन ठळक खोलगट भाग दिसतात आणि २.१६, २.०० व १.८८ च्या आसपास तीन फिकट. शाळेतल्या अंकगणिताने एका स्फटिकाच्या आतली हालचाल इतकी जवळ हाती लागावी, याचा आनंद मला अजूनही होतो. प्रत्यक्षातला संबंध मात्र कागदावर दिसतो तेवढा साधा नाही. एकाच पट्ट्याला अभ्यासकांनी वेगवेगळ्या बेरजा लावून पाहिल्या आहेत, आणि २.१६ च्या पट्ट्याबाबत तर आरंभीच्या लिखाणातच दोन पर्याय दिलेले आहेत.

मूळ कंपने इतकी जोरकस असताना या मंद पट्ट्यांच्या मागे का लागायचे? कारण त्यांचा मंदपणाच कामाचा आहे. तिसऱ्या तऱ्हेच्या मूळ तरंगलांबीला कॅल्साइट प्रकाशाला जवळजवळ आत येऊच देत नाही. बराचसा पृष्ठभागावरूनच परततो आणि उरलेला काही मायक्रॉनांत संपतो. २.३४ मायक्रॉनला तसे होत नाही. प्रकाश कणात शिरतो, पलीकडे निघतो, दुसऱ्या कणात जातो, अनेकदा विखुरतो आणि मग बाहेर येतो. या प्रवासात त्याने बरेच खनिज पाहिलेले असते. शिवाय या पट्ट्यात उजेडासाठी सूर्य पुरतो. मध्यम अवरक्तात खडकाच्या स्वतःच्या उष्णतेचा हिशेब सांभाळावा लागतो. इथे नेहमीच्या तापमानाला तो जवळजवळ करावा लागत नाही.

या ज्ञानाचा इतिहास लांबलचक सांगण्याची ही जागा नव्हे, पण चार नावे घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी त्रिकोणी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्टीत तापमापक ठेवले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा अधिक चढतो हे पाहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम कोब्लेन्ट्‌झ यांनी शेकडो पदार्थांचे अवरक्त वर्णपट चिकाटीने नोंदवले; त्यांत खनिजेही होती. पण निकट अवरक्तातल्या कार्बोनेटची खरी वहिवाट ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिसबरी यांनी पाडली. अमेरिकी हवाई दलाच्या केंब्रिज संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी खनिजांच्या वर्णपटांची एक लेखमाला तयार केली. तिचा कार्बोनेटविषयीचा भाग १९७१ साली आला. पाच पट्ट्यांची ती ओळख आजही पाया म्हणून उभी आहे.

त्यानंतरचे नाव सुझन गॅफी यांचे. १९८६ साली त्यांनी कॅल्साइट, अॅरागोनाइट आणि डोलोमाइट या तिघांचे वर्णपट इतक्या बारकाईने मोजले, की पट्ट्याचे ठिकाण, रुंदी आणि खोली या तीन गोष्टींवरून खनिजे वेगळी काढता येतात हे पक्के झाले. पट्टा कुठे आहे एवढेच न पाहता त्याचा आकारही पाहा, हा त्यांचा आग्रह. घाईने काम करणारा अभ्यासक नेमके तेच विसरतो, म्हणून या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग पट्ट्याच्या आकारावर आहे.

पट्टा जागा का बदलतो, हे समजून घेणे फार आवश्यक आहे. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमपेक्षा बराच लहान. तो बसला की स्फटिकाची जाळी आवळली जाते, त्रिकोणावरचा दाब वाढतो, कंपन अधिक वेगाने होते आणि शोषण आखूड तरंगलांबीकडे सरकते. म्हणून मॅग्नेसाइटचे दोन मुख्य पट्टे २.३० आणि २.५० मायक्रॉनच्या आसपास सापडतात, डोलोमाइटचे २.३२ आणि २.५१, लोहाच्या सिडेराइटचे २.३३ आणि २.५३, आणि कॅल्साइटचे २.३४ आणि २.५४. सिडेराइटची आणखी एक खूण आहे : लोहामुळे १ ते १.२ मायक्रॉनच्या भागात पसरट, खोल खळगा पडतो. तो त्रिकोणाच्या थरथरण्यातून येत नाही, लोहाच्या इलेक्ट्रॉनांमुळे येतो. अॅरागोनाइटची गोष्ट निराळी. रासायनिक घटक कॅल्साइटचेच, पण अणूंची मांडणी वेगळी, त्यामुळे फरक अगदी सूक्ष्म असतो.

कॅल्साइट आणि डोलोमाइट यांच्या पट्ट्यांत सुमारे ०.०२ मायक्रॉनचे अंतर आहे. कागदावर हा आकडा क्षुल्लक दिसतो. सिमेंटच्या धंद्यात तो क्षुल्लक राहत नाही. क्लिंकरमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड फार झाले तर त्याचे कण पुढे महिनोन्‌महिने हळूहळू पाणी घेत फुगतात आणि पक्क्या झालेल्या बांधकामाला तडे जातात. म्हणून साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकाने मॅग्नेशियम ऑक्साइडची मर्यादा सहा टक्के ठेवली आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात पैनगंगा समूहाचा चुनखडक आहे, त्यावर मोठे सिमेंट कारखाने उभे आहेत, आणि त्याच मुलखात डोलोमाइटही आहे. कोणत्या थरात कोणता दगड, हे खणण्याआधी कळले तर किती दगड वाया जाण्याचे वाचेल, हे खाणीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आकाशातून पाहणाऱ्यांनाही हेच अंतर पकडायचे असते. डिसेंबर १९९९ मध्ये टेरा उपग्रहाबरोबर गेलेल्या ॲस्टर या उपकरणाचा एक पट्टा बरोबर २.३३ मायक्रॉनच्या भोवती होता. तो एकटाच ०.०७ मायक्रॉन रुंद. त्यात कॅल्साइट आणि डोलोमाइट दोघेही मावतात. तरीही शेजारच्या पट्ट्याशी तुलना करून लॉरेन्स रोवन आणि जॉन मार्स यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास भागात कॅल्साइटचे खडक आणि डोलोमाइटचे खडक वेगळे दाखवले. ॲस्टरचे हे लघुतरंग अवरक्त पट्टे एप्रिल २००८ पासून निकामी झाले, तरी आधीच्या वर्षांची चित्रे आजही वापरली जातात. विमानातून उडणाऱ्या ॲव्हिरिस उपकरणाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस २२४ अरुंद पट्ट्यांत जमीन पाहायला सुरुवात केली, तेव्हापासून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा वर्णपट मिळू लागला. त्याच्या नव्या पिढीचे उपकरण घेऊन इस्रो आणि नासा यांनी २०१५-१६ मध्ये भारतावरूनही उड्डाणे केली.

येथे वातावरण आडवे येते. पाण्याची वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या भोवतालचा प्रकाश गिळून टाकते, आणि २.५ च्या जवळ पुन्हा दार बंद होऊ लागते. मधली खिडकी २.० ते २.४ ची. म्हणजे पृथ्वीवर विमानातून किंवा उपग्रहातून पाहताना कार्बोनेटचा २.३ चा पट्टा मिळतो, पण त्याचा जोडीदार २.५ चा पट्टा मिळत नाही.

हा जोडीदार गमावणे फार महागात पडते, आणि मला या प्रस्तावनेत जे आवर्जून सांगायचे आहे ते हेच. २.३ मायक्रॉनचा पट्टा एकट्या कार्बोनेटचा नाही. क्लोराइट, एपिडोट, सर्पेंटाइन, टाल्क, सॅपोनाइट या सगळ्यांत मॅग्नेशियम किंवा लोहाला हायड्रॉक्सिल चिकटलेले असते, आणि त्या जोडीचे शोषण याच परिसरात पडते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये काम करणाऱ्यांनी तर अधिक जपले पाहिजे. नाशिक, जळगाव, पुण्याच्या आसपासच्या पोकळ्यांतून झिओलाइटच्या जोडीने कॅल्साइटचे सुरेख स्फटिक निघतात हे खरे. पण त्याच पोकळ्यांच्या भिंतींना हिरव्या सेलॅडोनाइटचा थर असतो, आणि त्याचेही पट्टे २.३ च्या दोन्ही बाजूंना येतात. यात उन्हाळ्यातल्या वाळक्या गवताची भर. गवतातले सेल्युलोज आणि लिग्निन २.१ आणि २.३ मायक्रॉनला प्रकाश शोषतात. मार्च-एप्रिलात पठारावरच्या कुसळांनी भरलेल्या माळाला कोणी कार्बोनेट ठरवले, तर दोष उपकरणाचा नाही. २.३ ला पट्टा दिसला, तर २.५ ला आहे का ते पाहिले पाहिजे. ते पाहता येत नसेल, तर हायड्रॉक्सिलची १.४ ची खूण आहे का, २.१ ला काही दिसते का, हे तपासले पाहिजे. दोन पट्ट्यांची एकमेकांशी जुळणारी साक्ष मिळेपर्यंत नकाशावर ‘कार्बोनेट’ हा शब्द लिहू नये.

मंगळाच्या बाबतीत हा संयम कसाला लागला. आज मंगळाची हवा अतिशय विरळ आहे, आणि तिच्यात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. पण तिथे एकेकाळी नद्या वाहिल्या, सरोवरे भरली, याच्या खुणा स्पष्ट आहेत. पाणी द्रवरूपात टिकायला हवा दाट असायला हवी होती. मग ती दाट हवा कुठे गेली? एक स्वाभाविक उत्तर असे, की कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, बेसाल्टवर त्याची क्रिया झाली आणि तो कार्बोनेटच्या रूपात खडकांत जाऊन बसला. तसे असेल तर मंगळावर कार्बोनेटचे मोठे थर दिसायला हवेत. वर्षानुवर्षे शोधूनही ते दिसत नव्हते.

२००८ च्या अखेरीस बेथनी एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या क्रिझम या उपकरणाच्या मदतीने निली फॉसे भागात कार्बोनेट असलेले खडक दाखवून दिले. पट्टे २.३१ आणि २.५१ मायक्रॉनला. दोन्ही एकत्र, आणि दोघांचीही जागा मॅग्नेशियमकडे झुकणारी. शेजारी ऑलिव्हिन हे मॅग्नेशियमयुक्त खनिज भरपूर होतेच. ऑलिव्हिन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की मॅग्नेशियमचे कार्बोनेट तयार होते; ओमानच्या सामाइल डोंगरांत ते आजही होते आहे. मंगळावर या दोन पट्ट्यांना इतके महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. कार्बोनेटचा २.० मायक्रॉनचा पट्टा मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या शोषणाखाली दडून जातो. ज्या वायूचा माग काढायचा, त्यानेच एक खूण झाकून टाकलेली. पाण्याची वाफ मात्र तिथे नगण्य आहे, म्हणून पृथ्वीवरून गमावलेला २.५ चा जोडीदार मंगळावर भेटतो.

दोन साक्षींनी कार्बोनेट सिद्ध झाले, पण दाट हवेचा प्रश्न मात्र सुटला नाही. २०१५ साली क्रिस्टोफर एडवर्ड्स आणि एलमन यांनी निली फॉसेच्या साठ्यात किती कार्बन मावला असेल याचा अंदाज मांडला. मंगळावरच्या या सर्वांत मोठ्या ज्ञात साठ्यात फार तर आजच्या मंगळाच्या हवेच्या दुप्पट कार्बन आहे, असे त्यांना दिसले. दाट हवा त्यात मावत नाही. बाकीची अवकाशात निसटली असावी, किंवा खडकांत अशा जागी असावी जिथे आपली नजर पोचत नाही. २०२५ मध्ये क्युरिऑसिटी गाडीच्या नमुन्यांवरून जे प्रसिद्ध झाले, ते या दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते. गेल विवरातल्या सल्फेटयुक्त थरांत ४.८ ते १०.५ टक्के सिडेराइट सापडले. ते क्ष-किरणांच्या विवर्तनाने सापडले. कक्षेतल्या उपकरणाला ते तिथे दिसलेले नव्हते. सोबतच्या विद्राव्य क्षारांनी कार्बोनेटची खूण झाकली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. निकट अवरक्ताच्या अभ्यासकाने या बातमीने खट्टू होऊ नये. पट्टा न दिसणे म्हणजे खनिज नसणे नव्हे, हे यापेक्षा ठळकपणे कोणी सांगू शकले नसते.

उलट बाजूची सावधगिरीही क्रिझमनेच शिकवली. २०१८ साली एलेन लीस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उपकरणातल्या एका दोषामुळे, आणि आकड्यांवर नेहमी केल्या जाणाऱ्या गुळगुळीत करण्याच्या संस्कारामुळे, काही ठिकाणी १.९ आणि २.१ मायक्रॉनला खोटे पट्टे उमटतात, आणि ते एखाद्या खऱ्या खनिजासारखे दिसतात. असा पेपर लिहायला वैज्ञानिक धैर्य लागते, कारण त्याने स्वतःच्या क्षेत्रातल्या आधीच्या दाव्यांनाच हादरा बसतो. यातून घेण्यासारखी सवय अगदी साधी आहे : संस्कार केलेल्या आलेखाच्या शेजारी नेहमी मूळ आलेख ठेवावा.

जेझेरो विवरात फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या सुपरकॅम उपकरणाचा अवरक्त भाग १.३ ते २.६ मायक्रॉन वाचतो. म्हणजे दोन्ही पट्टे जमिनीवरूनच, काही मीटरांच्या अंतरावरून पाहता येतात. विवराच्या आतल्या काठाने कार्बोनेट आहे असे कक्षेतून आधीच दिसले होते. गाडीने तिथे जाऊन ते खडक पाहिले आणि त्यांचे नमुने नळ्यांत बंद केले.

निकट अवरक्ताच्या हद्दीपलीकडे थोडे सरकले तर ३.४ आणि ४.० मायक्रॉनला कार्बोनेटचे आणखी ठळक पट्टे आहेत. पहिली आणि तिसरी तऱ्हा मिळवली तर २५०५, भागाकार ३.९९. सेरेस या बटुग्रहावरच्या ऑकेटर विवरात जे पांढरे ठिपके डॉन यानाला दिसले, ते सोडियम कार्बोनेटचे आहेत हे २०१६ साली असेच ठरले. बेन्नू या लघुग्रहाच्या दगडांतल्या कार्बोनेटच्या शिरा २०२० मध्ये अशाच ओळखल्या गेल्या, आणि त्याचे नमुने पृथ्वीवर आल्यावर २०२५ मध्ये त्यांत ट्रोना सापडल्याचे जाहीर झाले.

ट्रोना म्हणजे सोडियमचे जलयुक्त कार्बोनेट, आणि ते महाराष्ट्राला परके नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, त्याचे पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे, आणि कोरड्या दिवसांत काठावर जे क्षार धरतात त्यांत हेच ट्रोना असते. सरोवराच्या तळाच्या गाळात गेलुसाइट हे सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असलेले जलयुक्त कार्बोनेटही मिळाले आहे. बेसाल्ट, उल्कापात आणि कार्बोनेट एकत्र असलेली जागा मंगळाच्या अभ्यासकांना पृथ्वीवर क्वचितच मिळते. वर्णपटाच्या दृष्टीने मात्र लोणारचे क्षार हे विद्यार्थ्यापुढचे अवघड गणित आहे. त्यांच्या स्फटिकातच पाणी असते आणि पाण्याचे शोषण इतके जबरदस्त, की १.९ मायक्रॉनच्या पुढे कार्बोनेटचे पट्टे त्याच्या उतारावर बुडून जातात. कॅल्साइटवर शिकलेले नियम इथे जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकते.

काळ्या जमिनीचा प्रश्न याहून जवळचा आहे आणि अधिक निकडीचा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात खाली चुनखडीचे खडे असतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोत या मातीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. कोरड्या हवामानात मातीतच कार्बोनेट साकळू लागले की कॅल्शियम त्यात अडकते, मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते, पाणी झिरपेनासे होते आणि जमीन चोपण होत जाते. हा बदल सुरुवातीलाच लक्षात आला तर उपाय करता येतो. मातीच्या वर्णपटातून कार्बोनेटचा अंदाज घेता येतो, पण चिकणमातीचा २.२ चा पट्टा, पाण्याचा १.९ चा आणि लोहाच्या ऑक्साइडांचा उतार यांच्या गर्दीत २.३४ चा खळगा उथळ होऊन जातो. त्याची खोली मोजण्याआधी भोवतालचा उतार काढून टाकावा लागतो. रॉजर क्लार्क आणि टेड रूश यांनी १९८४ साली मांडलेली ही रीत आज इतकी नित्याची झाली आहे, की ती कुठे लागू पडत नाही हे विचारायचेच राहून जाते. कणांचा आकार बदलला की खोली बदलते. बारीक पूड उजळ दिसते पण तिचे पट्टे उथळ असतात. मॅग्नेटाइटसारखे काळे खनिज थोडेसे मिसळले तरी पट्टा अर्धमेला होतो. म्हणून पट्ट्याच्या खोलीवरून थेट टक्केवारी सांगणाऱ्या कोणत्याही तक्त्यावर, या पुस्तकातल्यासुद्धा, त्याच गावच्या मातीवर पडताळा घेतल्याखेरीज भरवसा ठेवू नये.

पहिल्या प्रकरणातल्या मोजण्या कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकापासून सुरू होतात आणि पैनगंगेच्या चुनखडकावरून डोलोमाइटकडे, तिथून काळ्या मातीतल्या खड्यांकडे आणि शेवटी लोणारच्या क्षारांकडे जातात. प्रत्येक नमुना आधी वाळवून, मग किंचित ओलावून, असा दोनदा मोजायचा आहे. उपकरण निवडताना त्याची वरची हद्द पाहावी. हातात धरून वापरायचे बहुतेक वर्णपटमापक २.५ मायक्रॉनला थांबतात, आणि कॅल्साइटच्या दुसऱ्या पट्ट्याचा तळ २.५४ ला आहे. अशा उपकरणात त्या पट्ट्याचा फक्त खाली उतरणारा खांदा दिसतो. डोलोमाइटचा आणि कॅल्साइटचा खांदा वेगळ्या ठिकाणी वळतो, एवढा आधार त्यातही मिळतो, पण हद्दीजवळच्या आकड्यांत गोंगाट फार असतो. तिथे मोजणीचा वेळ वाढवावा, पांढऱ्या मानक पट्टीची नोंद प्रत्येक नमुन्याआधी नव्याने घ्यावी, आणि तरीही वळण स्पष्ट होत नसेल तर नमुना २.६ मायक्रॉनच्या पुढे जाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाकडे पाठवावा.